बेडकाच्या कातडीतले मिलिव्होल्ट

बेडूक तोंडानं पाणी पीत नाही. तहान लागली की ओल्या जागी पोट टेकून बसतो आणि पोटाच्या खालच्या, मांड्यांजवळच्या पातळ कातडीतून पाणी आत घेतो. मृगाचे पहिले दोन-चार जोरदार पाऊस झाले की नाशिकजवळ गिरणारे, मखमलाबाद, गंगापूर गाव या बाजूला शेतांच्या कडेनं डबकी साठतात आणि आदल्या दिवसापर्यंत कुठंही न दिसलेले मोठे बेडूक तिथं हजर होतात. नर पिवळेधमक, गळ्याशी दोन निळे फुगे, आणि रात्रभर तो आवाज. दरवर्षी त्यांचे व्हिडिओ फिरतात, ‘हे कुठले विषारी बेडूक आलेत?’ असा प्रश्न जोडून. विषारी वगैरे काही नाही. हा आपलाच भारतीय बुलफ्रॉग, शास्त्रीय नाव हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस. पिवळा रंग विणीच्या दिवसांपुरता, नंतर तो पुन्हा मातकट हिरवा होतो.

लोक रंग बघतात. मी त्या डबक्याचं पाणी बघते. ते नुकतंच आभाळातून पडलेलं असतं. जमिनीतले थोडे क्षार त्यात उतरलेले असले तरी एका लिटरमागे सोडियम साधारण एक मिलिमोल (कणांची संख्या मोजायचं एकक), बहुतेक वेळा त्याहूनही कमी. त्याच पाण्यात बसलेल्या बेडकाच्या रक्तात लिटरमागे शंभराच्या आसपास मिलिमोल सोडियम असतं. मध्ये काय, तर एक ओली, पातळ, खवले नसलेली, केस नसलेली कातडी. पाणी सारखं आत शिरणार, मीठ सारखं बाहेर झिरपणार. शिरलेलं जादा पाणी काढून टाकायला बेडूक भरपूर पातळ लघवी करतो आणि तिच्यासोबतही थोडं थोडं मीठ जातच राहतं. या हिशेबानं त्याचं रक्त पाणचट होत जाऊन तो मरायला हवा. तो मरत नाही, उलट रात्रभर ओरडत बसतो. कारण त्याची कातडी त्या जवळजवळ अळणी पाण्यातून सोडियम वेचून आत ओढत असते, आणि ते ओढताना विजेचा दाब तयार होतो. कातडीच्या आतल्या बाजूला धन, बाहेरच्या बाजूला ऋण. दाब काही दहा मिलिव्होल्टांचा, म्हणजे व्होल्टाच्या हजाराव्या भागांत मोजायचा, चांगल्या ताज्या कातडीत शंभराच्या घरातसुद्धा.

या मिलिव्होल्टांचं मला इतकं अप्रूप का, ते सांगायला माझ्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल. मी नाशिकमध्ये एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभरात सर्वांत जास्त घाई ज्या तपासणीची असते ती ‘सोडियम-पोटॅशियम’. आयसीयूतून फोन येतो, ‘मॅडम, इलेक्ट्रोलाइट्स झाले का?’ मशीन लहानसं, एखाद्या मिक्सरच्या खोक्याएवढं. रक्तातून वेगळा केलेला पातळ भाग, म्हणजे सीरम, समोर धरला की सुई खाली येते, थोडासा ओढून घेते, आतल्या बारीक नळीतून तो सरकताना दिसतो आणि मिनिटभरात तीन आकडे छापून येतात. सोडियम १३८, पोटॅशियम ४.२, क्लोराइड १०२. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना वाटतं की मशीननं मीठ मोजलं. खरं तर मशीननं व्होल्टेज मोजलेलं असतं.

त्याच्या आत अंगठ्याएवढे इलेक्ट्रोड ओळीनं बसवलेले असतात. सोडियमच्या इलेक्ट्रोडला खास काचेचा पडदा असतो. पोटॅशियमच्या इलेक्ट्रोडला प्लॅस्टिकचा पडदा असतो आणि त्यात व्हॅलिनोमायसिन नावाचं द्रव्य मिसळलेलं असतं. हे मूळचं जिवाणूंनी बनवलेलं प्रतिजैविक. पोटॅशियमला ते आपल्या पोटात सामावून घेतं, सोडियमला जवळ फिरकू देत नाही. पडद्याच्या एका बाजूला माहीत असलेलं द्रावण, दुसऱ्या बाजूला पेशंटचा सीरम. दोन्हीकडचं प्रमाण वेगळं असेल तर पडद्यावर विद्युत्-दाब उभा राहतो. प्रमाणात दहापट फरक असला तर साधारण ६० मिलिव्होल्ट. पण पेशंटमध्ये दहापट फरक कधीच नसतो. सोडियम १४० वरून १३० वर आलं, म्हणजे घरचे ‘आजोबा कालपासून असंबद्ध बोलताहेत’ म्हणू लागण्याच्या वाटेवर, तर इलेक्ट्रोडवरचा फरक किती? जेमतेम २ मिलिव्होल्ट. तेवढ्यासाठी सकाळी कॅलिब्रेशन, दुपारी पुन्हा कॅलिब्रेशन, रेफरन्स इलेक्ट्रोडच्या सांध्यावर पांढरा मिठाचा पापुद्रा धरला की ओल्या कापसानं पुसून काढणं, आकडा जरा सरकताना दिसला की सॅम्पल पुन्हा लावणं. दोन मिलिव्होल्टांवर कुणाचं सलाईन बदलणार असतं.

मागच्या उन्हाळ्यात निफाडकडचे एक द्राक्ष बागाईतदार वडिलांचा रिपोर्ट घ्यायला आले होते. सोडियम १२४. रिपोर्ट हातात धरून म्हणाले, “मॅडम, बीपीसाठी मीठ बंद केलं होतं अण्णांचं. आम्हीच चूक केली का?”

मी म्हटलं, “दादा, उपचाराचं डॉक्टर सांगतील. पण सोडियम कमी म्हणजे मीठ कमी खाल्लं एवढंच नसतं हो. पुष्कळदा अंगात पाणी जास्त साठलेलं असतं आणि त्या मानानं मीठ कमी पडतं. हा आकडा दोघांच्या प्रमाणाचा असतो.”

ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “म्हणजे आमच्या बोअरच्या उलटं. तिथं पाण्यात क्षार जास्त, म्हणून डॉगरिजच्या खुंटावर कलम करावं लागतं. तो खुंट क्षार वर येऊ देत नाही.” मुळांच्या आणि मातीच्या सीमेवर काय चालतं हे मला त्यांच्याइतकं कळत नाही, पण त्यांनी बरोबर तिथंच बोट ठेवलं. आत काय येऊ द्यायचं आणि काय नाही हे सीमेवर ठरतं, आणि ती सीमा जिवंत असावी लागते. बेडूक तर जन्मभर अण्णांच्याच अवस्थेच्या काठावर उभा असतो. चहूकडून पाणी आत येतंय, मीठ पातळ होतंय. फक्त तो हे कातडीवर निभावून नेतो.

बी.एस्सी.ला झूलॉजी होतं तेव्हा बेडूक आमच्या टेबलावर असायचा. क्लोरोफॉर्मचा वास, मेणाचा ट्रे, चारी पाय टाचण्यांनी ताणलेले. फिजिऑलॉजीच्या प्रॅक्टिकलला काजळी धरलेला फिरता ड्रम, त्यावर पोटरीच्या स्नायूच्या आकुंचनाची पांढरी रेघ. पुढं यूजीसीनं विच्छेदन थांबवलं ते फार चांगलं झालं. इतके जीव त्या रेघेसाठी जायला नको होते. पण एक गोष्ट डोळ्यांत राहिली आहे. स्नायू मोकळा करायचा म्हणजे आधी कातडी काढायची, आणि बेडकाची कातडी ओल्या पायमोज्यासारखी एका ओढीत निघून येते. खाली चिकटलेली नसतेच, मध्ये लसिकेच्या मोठ्या पोकळ्या असतात. ती निघाली की थेट बादलीत. सगळ्यांचं लक्ष स्नायूकडं. गॅल्व्हानीनं १७९१ मध्ये बेडकाच्या पायांवरचा आपला ग्रंथ छापला तेव्हापासून बेडूक आणि वीज म्हटलं की उडणारा पाय, असंच समीकरण आहे. उडतो तो पाय लक्ष वेधतो. कातडी काहीच हालचाल करत नाही.

पण बर्लिनच्या एमिल द्यु बोआ-रेमों यांनी १८४८ मध्येच नोंदवलं होतं की बेडकाच्या कातडीच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंमध्ये विद्युत्-दाब असतो. कापून वेगळ्या काढलेल्या कातडीतसुद्धा. नसेतला विद्युत्-संदेश क्षणात येतो आणि जातो. हा दाब तासन् तास तसाच उभा राहतो. मग इतकी वर्षं कुणालाच धड सांगता येईना की तो येतो कुठून. १९०४ मध्ये इटलीच्या जिनो गालेओत्ती यांनी दाखवलं की द्रावणात सोडियम किंवा लिथियम असेल तरच हा दाब टिकतो, पोटॅशियमनं काम भागत नाही. त्यांनी सुचवलं की कातडी सोडियमला बाहेरून आत सहज जाऊ देते, उलट दिशेनं नाही. त्यावर आक्षेप आला की हे उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाला धरून नाही. एखादा निर्जीव पडदा फुकटात एकाच दिशेनं वाहतूक करू शकत नाही. आक्षेप अगदी रास्त होता. फक्त ‘निर्जीव’ आणि ‘फुकटात’ हे दोन्ही शब्द या पडद्याला लागू नव्हते. गालेओत्तींचं निरीक्षण खरं होतं आणि ते बराच काळ बाजूला पडून राहिलं, याचं मला वाईट वाटतं.

१९३० च्या दशकात गाडी पुढं सरकली. जर्मनीत अर्न्स्ट हूफ यांनी दाखवलं की दोन्ही बाजूंना तेच द्रावण असलं तरी वेगळी काढलेली कातडी क्लोराइड आत नेते. कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग, ज्यांना १९२० मध्येच नोबेल मिळालेलं होतं, त्यांनी जिवंत बेडूक शुद्ध पाण्यात ठेवून त्यांचं मीठ घटवलं आणि मग त्यांना अतिशय पातळ मिठाच्या पाण्यात सोडलं. त्या बेडकांनी त्या पाण्यातलं उरलंसुरलं मीठ कातडीतून खेचून घेतलं. आमच्या गिरणारेच्या डबक्यात जे घडतं, तेच त्यांनी काचेच्या भांड्यात मोजून दाखवलं.

आणि मग क्रोग यांच्याच प्रयोगशाळेतले हान्स उसिंग. त्यांनी झेरान या सहकाऱ्यासोबत १९५१ मध्ये जो प्रयोग प्रसिद्ध केला त्यावर माझं मनापासून प्रेम आहे, म्हणून इथं जरा रेंगाळते.

कातडीचा एक गोल तुकडा दोन अर्ध्या कोठड्यांच्या मध्ये पकडायचा. दोन्ही कोठड्यांत एकच रिंगर द्रावण. सिडनी रिंगर यांनी बेडकाचं हृदय शरीराबाहेर धडधडत ठेवण्यासाठी १८८० च्या दशकात बनवलेलं, बहुतांशी मिठाचं पाणी. सलाईनच्या बाटलीवर ‘रिंगर लॅक्टेट’ लिहिलेलं असतं ते यांच्याच नावानं. द्रावणात हवेचे बुडबुडे सोडत राहायचे. आता दोन्हीकडं मिठाचं प्रमाण सारखं, म्हणजे मीठ एका बाजूनं दुसऱ्या बाजूला झिरपायला काही कारण नाही. तरीही कातडीवर विद्युत्-दाब येतोच. पण हा दाब स्वतःच गोंधळ करतो. आतली बाजू धन झाली की ऋणभारित क्लोराइड त्या ओढीनं आपोआप आत जाऊ लागतं. मग कातडी नेमकं कशासाठी कष्ट घेतेय? सोडियमसाठी, क्लोराइडसाठी, की दोन्हींसाठी? हूफ यांचं निरीक्षण चूक नव्हतं, पण त्यातून हे उलगडत नव्हतं.

उसिंग यांनी काय केलं, तर बाहेरून बॅटरीचा प्रवाह कातडीतून सोडला आणि तो वाढवत नेला, कातडीवरचा दाब बरोब्बर शून्य होईपर्यंत. आता रासायनिक फरक शून्य, विजेचा फरकही शून्य. आपोआप घडण्यासारखं जे काही होतं ते सगळं त्यांनी बंद करून टाकलं. यानंतरही जे काही एका दिशेनं निव्वळ सरकेल ते कातडीच्या स्वतःच्या मेहनतीनं. मग सोडियमचे दोन किरणोत्सारी प्रकार घेतले, सोडियम-२२ आणि सोडियम-२४. एक बाहेरून आत किती जातो ते मोजायला, दुसरा आतून बाहेर किती येतो ते मोजायला, एकाच कातडीवर, एकाच वेळी. दोन्हींची वजाबाकी केली. सोडियमचा जो निव्वळ प्रवाह आला तो बाहेरून सोडाव्या लागलेल्या विजेच्या प्रवाहाशी जुळला. दाब शून्यावर असताना वाहणारी सगळी वीज म्हणजे आत निघालेलं सोडियम. दाबाची ओढ काढून घेतल्यावर क्लोराइडची आतबाहेर ये-जा जवळपास सारखी भरली, म्हणजे ते नुसतं ओढलं जात होतं. शंभर वर्षं न सुटलेला प्रश्न दाब शून्यावर आणल्यानं सुटला.

मला यातलं सर्वांत सुंदर वाटतं ते हेच. ज्या गोष्टीबद्दल कुतूहल आहे तीच पुसून टाकायची, आणि ती पुसायला किती बळ लागलं त्यावरून मूळ बळ किती होतं ते ओळखायचं. ती कोठडी आजही ‘उसिंग चेंबर’ याच नावानं जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. पुढं तिच्यात आतड्याचे तुकडे लागले. सोडियम आणि ग्लुकोज आतड्यातून हातात हात घालून आत जातात, हे समजण्यात या चेंबरनं मोठा हातभार लावला, आणि १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना साखर-मीठ-पाणी पाजून वाचवलं ते याच तत्त्वावर. जुलाब लागलेल्या बाळासाठी मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणताना बेडूक कुणाच्या मनात येत नाही. माझ्या येतो.

आता ही मेहनत कातडीच्या पेशी करतात कशी? १९५८ मध्ये कोफोड-जॉन्सन आणि उसिंग यांनी मांडलेलं चित्र बारकावे वगळता आजही टिकून आहे. पेशीची बाहेरची बाजू आणि आतली बाजू वेगवेगळ्या स्वभावाच्या. बाहेरची बाजू सोडियमला वाट देते, पोटॅशियमला नाही. आतली बाजू पोटॅशियमला झिरपू देते, सोडियमला नाही. आणि आतल्या बाजूलाच एक पंप, जो सोडियम उचलून रक्ताकडं फेकतो आणि बदल्यात पोटॅशियम आत घेतो. पंपामुळं पेशीतलं सोडियम सतत कमी राहतं, म्हणून बाहेरचं सोडियम आपोआप पेशीत उतरतं. त्यांनी हा पंप तर्कानं मांडला, त्याच्या आदल्याच वर्षी डेन्मार्कच्याच ऑर्‌हुस शहरात येन्स स्कौ यांना खेकड्याच्या नसांमध्ये तो प्रत्यक्ष सापडला होता. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीचा एक रेणू मोडायचा, पेशीतून तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. या शोधाचं नोबेल त्यांना १९९७ मध्ये मिळालं, वयाच्या ७९ व्या वर्षी.

आणखी एक मोजमाप आहे ज्यानं मी थक्क झाले होते. झेरान यांनी कातडीला लागणारा ऑक्सिजनही मोजला. प्राणवायूच्या एका रेणूमागं कातडी किती सोडियम आत नेते? सुमारे १८. स्कौंच्या पंपाचा हिशेब लावून बघा. ऑक्सिजनच्या एका रेणूमागं जुन्या गणतीनं सहा एटीपी, प्रत्येक एटीपीमागं तीन सोडियम. सहा त्रिक अठरा. एकीकडं अख्खी कातडी आणि तिचा श्वास, दुसरीकडं एकच प्रथिनाचा रेणू, आणि हिशेब जुळतो. कातडीचा ऑक्सिजन तोडला की दाब ढासळतो. म्हणजे ते मिलिव्होल्ट साठवून ठेवलेले नसतात. दर क्षणी नव्यानं कमवावे लागतात.

प्रयोगशाळेतल्या रिंगरमध्ये सोडियम भरपूर असतं, त्यामुळं पेशीत उतरण्याचा पहिला टप्पा सोपा असतो. डबक्यात तो सोपा नसतो. तिथं कातडीतल्या काही खास पेशी आधी हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतात, त्यासाठी वेगळी ऊर्जा खर्च करतात, आणि त्यामुळं पेशीत जे ऋणपण येतं त्या ओढीनं विरळ पाण्यातलं सोडियम आत येतं. आपल्या बेडकाचं काम उसिंगच्या कोठडीतल्या कातडीपेक्षा कठीण आहे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

ज्या वाटेनं सोडियम बाहेरून पेशीत शिरतं तिथं एक विशिष्ट प्रथिन बसलेलं असतं, एपिथेलियल सोडियम चॅनेल. त्याची जनुकं १९९० च्या दशकात ओळखली गेली. अमिलोराइड नावाचं औषध बेडकाच्या कातडीच्या बाहेरच्या बाजूला घातलं की हे चॅनेल बंद होतं आणि प्रवाह पाहता पाहता खाली येतो. हेच चॅनेल आपल्या मूत्रपिंडात आहे, सूक्ष्म नळ्यांच्या अगदी शेवटच्या टप्प्यावर, जिथं लघवीतलं शेवटचं मीठ परत घ्यायचं की जाऊ द्यायचं ते ठरतं. घामाच्या ग्रंथींच्या नळीतही आहे. ‘पाण्याची गोळी’ म्हणून जी औषधं दिली जातात त्यांतल्या काहींमध्ये अमिलोराइड असतं. मूत्रपिंडातही सोडियम आत खेचलं गेलं की नळीची पोकळी ऋणभारित होते आणि त्या ओढीनं पोटॅशियम लघवीत उतरतं. चॅनेल बंद केलं की मीठ जातं पण पोटॅशियम अंगात थांबतं. म्हणून या गोळीवर असलेल्या एखाद्या आजीचा रिपोर्ट करताना सोडियम १३१ आणि पोटॅशियम ५.८ असं दिसलं, तर मी सॅम्पल फुटलंय का ते आधी तपासते, कारण तांबड्या पेशी फुटल्या तरी पोटॅशियम खोटं वाढतं. सॅम्पल चांगलं असेल तर डॉक्टरांना लगेच फोन. त्या क्षणी माझ्यासमोर जो आकडा असतो त्याच्या मागं कोपनहेगनमधल्या त्या कोठडीत ताणून बसवलेली कातडी आहे. गालेओत्तींना सोडियमबरोबर लिथियमही चालताना दिसलं होतं ना, त्याचंही कारण हेच चॅनेल. मानसिक आजारासाठी लिथियम घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडात लिथियम इथूनच पेशींत शिरतं.

ही कातडी बिघडली तर काय होतं, तेही आता माहीत आहे आणि ते वाचताना मला फार त्रास झाला होता. कायट्रिड नावाची एक बुरशी जगभर बेडकांच्या कातडीत वाढते. तिनं बेडकांच्या कित्येक जाती संपवल्या आहेत. सह्याद्रीतल्या बेडकांच्या अंगावरही ती सापडली आहे. कातडीच्या वरच्या थरात वाढणारी बुरशी आख्ख्या जिवाला मारते कशी, हे बरीच वर्षं कोडं होतं. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या झाडबेडकांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. आजारी बेडकांच्या कातडीतून होणारी क्षारांची वाहतूक निम्म्याहून अधिक घटलेली होती. रक्तातलं सोडियम सुमारे २० टक्क्यांनी, पोटॅशियम सुमारे ५० टक्क्यांनी उतरलं होतं. शेवटी हृदय बंद पडत होतं. हे आकडे मी लॅबमध्ये माणसांच्या भाषेत वाचले. माणसाचं पोटॅशियम ४ वरून २ वर आलं तर आम्ही रिपोर्टची वाट न बघता फोन करतो. त्या बेडकांचं तेच झालं होतं, आणि त्यांना विष वगैरे काही लागलं नव्हतं. सीमेवरचं काम थांबलं एवढंच. त्याच अभ्यासात काही आजारी बेडकांना तोंडातून क्षारांचं द्रावण दिलं. ते पूर्ण बरे झाले नाहीत, पण जास्त वेळ जगले. एक प्रकारे बेडकांचं ओआरएस.

म्हणून आमच्या सोसायटीत दर पावसाळ्यात जे चालायचं ते मला बघवत नसे. तळमजल्यावर बेडूक येतात, तर उंबऱ्यावर खडेमीठ पसरायचं. कुणीतरी सांगितलेलं, मिठानं बेडूक पळतात. पळतात ते आग होते म्हणून. ज्या कातडीतून पाणी आरपार जातं आणि जिचं सगळं काम विरळ पाण्यातून मीठ वेचण्याचं, तिच्यावर कोरडं मीठ पडलं की अंगातलं पाणी बाहेर खेचलं जातं. लहान बेडूक असेल तर तो जगतही नाही. खालच्या जोशीवहिनींच्या दारात एकदा हे बघितलं आणि त्यांना थांबवलं.

“अहो, मग घरात येऊ देऊ का?” वहिनी म्हणाल्या. “नातू रांगतोय माझा.”

“घरात नको वहिनी. पण मीठ नको. फिनाईल तर मुळीच नको, ते त्याच्या कातडीतून थेट रक्तात जातं.”

“आणि उचलायचा कसा? मी हात लावणार नाही हं.”

“मग मी लावते. तुम्ही मगमध्ये साधं पाणी आणा.”

हात आधी साध्या पाण्यानं ओले करायचे. साबण, सॅनिटायझर, क्रीम काही लागलेलं नको, आपल्या हातावरचं त्याच्या आत जातं. कोरड्या हातानं धरलं तर त्याच्या अंगावरची बुळबुळीत ओल पुसली जाते. अलगद धरून बाहेर सोडायचा आणि मग आपले हात साबणानं स्वच्छ धुवायचे. हे सगळं वहिनी दारात उभं राहून बघत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं, “याला वीज असते म्हणतेस, मग शॉक कसा नाही बसत?” प्रश्न चांगला होता. दाब फार थोडा, व्होल्टाच्या दहाव्या भागाएवढा, आणि तो कातडीच्या आतून बाहेर असा. आपण दोन्ही बोटं बाहेरच्याच बाजूला टेकवतो, तिथं आपल्याला काही जाणवायचं कारण नाही. मशीनला मात्र जाणवेल, असं मी म्हटलं.

यंदा रोहिणीतच वळीव पडला तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर वहिनींचा मेसेज आला, सगळ्या मजल्यांसाठी: ‘बेडूक दिसल्यास मीठ किंवा फिनाईल टाकू नये. ओल्या हाताने उचलून मागच्या गवतात सोडावा. जमत नसेल तर तळमजल्यावर बेल वाजवा.’